आमची वाटचाल : घासलेला गेज

शिरोली एमआयडीसीत २००४ साली दोन जुन्या लेथवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून द्यायचं काम, सुरू केलं. तात्या मिस्त्री पहिल्या दिवसापासून सोबत. पुढं संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीन आल्या, कामं वाढली. सांगायचंय ते २०१६ चं.

तेव्हा आमच्याकडं पीसमागं बोनस होता. शिफ्टला १२० नगांच्या वर गेलं की जादा पैसे, रिजेक्शन निघालं की दंड. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यात दंडाला पगाराच्या तीन टक्क्यांची मर्यादा होती आणि ती रक्कमही कामगारांच्याच हितासाठी वापरायची होती, हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

एका ब्रॅकेटचे ८०० नग परत आले. २५ एच ७ चा बोअर, म्हणजे पिनसाठीचं भोक २५ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही; पिन बसेना. मायक्रोमीटर लावला तर भोक तपासायच्या आमच्या प्लग गेजची गो बाजू, म्हणजे भोकात जायलाच हवी ती बाजू, घासून २४.९८८ झालेली! लहान बोअरही पास होत होते. ऑपरेटर पोरगं खाली मान घालून म्हणालं, "मालक, पिन जड जातीय हे महिनाभर दिसत हुतं. पण बोललो की मशीन थांबणार, बोनस बुडणार, वर दंड."

बोअर लहान होते, मोठे नव्हते, म्हणून वाचलो. अकरा रात्री होनिंग केलं, म्हणजे भोकं आतून घासून मापात आणली. तात्या प्रत्येक बोअर चिंधीनं पुसायचे आणि नवा गेज न दाबता त्याच्या वजनावर सोडायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं होतं, ही गोष्ट तात्यांनी त्या रात्रींत मला दोनदा ऐकवली. मी मात्र माझ्याच पोरांना दंडाच्या धाकात ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या गाळेवाल्यानं नगामागं दोन रुपये कमी लावून तो पार्ट नेला, माझे दोन ऑपरेटरही नेले. आमच्याकडं माल तपासतच नाहीत, असं गिऱ्हाइकाला सांगून. बारा वर्षांच्या कामावर असा डाग लावलेला मी विसरलेलो नाही. इचलकरंजीच्या आप्पांनी तेवढं त्या महिन्यात काम दिलं, निम्मे पैसे आगाऊ.

नगावरचा बोनस आणि दंड दोन्ही बंद केले, तेवढी रक्कम पगारात घातली. शंका आली की मशीन थांबवायची, मला विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात उत्पादन घसरलं, मला झोप नव्हती. नवीन पोरांनो, गेज दर सोमवारी मोजा आणि मोजायला ऑपरेटरलाच लावा.

ते दोघे ऑपरेटर परत आलेत. पार्ट अजून शेजारीच आहे. दर जानेवारीत मी त्याचं कोटेशन पाठवतो.