धुक्यातला सरडा

आज पहाटे श्रीलंकेत हॉर्टन प्लेन्सला होतो. उंची साधारण २१०० मीटर, दहा पावलांपलीकडचं दिसेना असं धुकं. सगळे वर्ल्ड्स एंडच्या कड्याकडे निघाले, मी एका शेवाळलेल्या खोडापाशी थांबलो. आणि शेवाळाचाच एक तुकडा हळूच हलला! कोफोटिस सेलानिका. जगात फक्त श्रीलंकेच्या डोंगरांत राहणारा सरडा. आपल्या कुंपणावरच्या सरड्यासारखी पळापळ नाही. फांदीला शेपटीचा वेढा घालून सावकाश चढत होता. याची मादी अंडी घालत नाही, थेट पिलांना जन्म देते. एवढ्या गारठ्यात अंडी उबणार तरी कशी!

इथली कितीतरी झाडं उभ्या उभ्या वाळतायत, ते बघून जीव तुटला. हे खोड गेलं तर हा कुठे जाईल?

परत येताना पुन्हा डोकावलो. तिथेच होता, दोन वीत वर.