अकरा किलोचं पोर्टेबल

पोर्टेबल हा शब्द ज्याने डिजिटल पियानोला चिकटवला त्याने तो एकट्याने तीन जिने कधी चढवला नसणार. 88 पट्ट्या, सव्वा मीटरच्या वर लांबी आणि अकरा-बारा किलो वजन, म्हणजे उचलता येतो हो, पण उचलावासा वाटत नाही. माझा खोक्यातून निघाला, टेबलावर गेला आणि तिथेच रुजला.

पण घेताना बघायचं असतं ते वजनच, अख्ख्या पियानोचं नाही, पट्ट्यांचं, आणि ते मला फार उशिरा कळलं. मी तेव्हा आवाज मोजत बसलो होतो, ऑर्गन आहे का, व्हायोलिन आहे का, सोबतीला ड्रम्स वाजतात का. आठवड्याभरात सगळे वाजवून झाले, त्यानंतर पहिला पियानोचा आवाज सोडून दुसरं काही लावल्याचं आठवत नाही. खरी गंमत बोटाखाली असते. हॅमर अ‍ॅक्शनवाल्या पियानोत प्रत्येक पट्टीला खरोखरचं छोटं वजन जोडलेलं असतं, म्हणजे बघा, आत तार नाही, ज्याच्यावर आपटायचं तेच नाही, तरी हातोडी आहे! त्यात ग्रेडेड असेल तर खर्जातल्या पट्ट्या जड आणि वर जाल तशा हलक्या, कारण खऱ्या पियानोत खालच्या सुरांचे हातोडे मोठे असतात.

म्हणून ट्राय करताना धडाधड वाजवू नका, एकच पट्टी इतकी हळू दाबा की सूर जेमतेम उमटेल, आणि असं लागोपाठ पाच वेळा, दर वेळी तसाच उमटतो का बघा. मग काळ्या पट्ट्यांच्या मधे, अगदी आतल्या बाजूला दाबून बघा. स्लिम मॉडेलमधे पट्टीचा आतला भाग आखूड असतो त्यामुळे तिथे पट्टी दाबायला घट्ट लागते, नवशिक्याला हे कळतच नाही कारण तो कडेकडेनेच वाजवतो, वर्ष-दोन वर्षांनी शार्प-फ्लॅटवाले, म्हणजे काळ्या पट्ट्या जास्त लागणारे तुकडे आले की बोटं आत जायला लागतात आणि मग चिडचिड.

पॉलिफनीवरून, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात त्या आकड्यावरून, लोक उगाच भांडतात. शिकताना 64 पुरे, सूर लांबवणारं पेडल पायाने दाबून दाट काही वाजवायला लागलात की जुने सूर गुपचूप गळतात, तेव्हा 128 किंवा 192 बरे. सोबत फुकट मिळणारं ते चौकोनी पेडल मात्र पहिल्याच दिवशी बदला, ते वाजवता वाजवता पुढे पुढे सरकत जातं आणि आपण पायाने त्याला शोधत बसतो.

आणि हेडफोन! रात्री अकराला हेडफोन लावून मी अगदी तन्मयतेने वाजवायचो, कुणाला त्रास नाही, काही नाही. मग एक दिवस खालच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, रोज रात्री एवढं काय टाइप करता हो? तेव्हा कळलं, सूर सगळे माझ्या कानात आणि ती कौतुकाची वजनं सगळी त्यांच्या छतावर. आता टेबलाच्या पायांखाली जुनी चटई दुमडून घातलीय, आज रात्री वाजवून बघतो.