मानदुखीनंतर पुन्हा हँडलवर: एक इंजिन, दोन बैठका आणि टप्प्याटप्प्याची नोंद

रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर 650 आणि कॉन्टिनेंटल जीटी 650 या बाइकचं इंजिन एकच, पण मान दुखते ती वेगवेगळ्या जागी. जीटीचे क्लिप-ऑन (पुढच्या फोर्कला आवळलेले दोन आखूड हँडल) खाली आणि फुटपेग (पाय ठेवायचे खुंट) मागे असल्यामुळे धड पुढे झुकतं. रस्ता दिसायला हनुवटी वर उचलावी लागते आणि कवटीच्या बुडाशी, मानेच्या मागे आणि खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला कळ येते. इंटरसेप्टरवर बसणं सरळ, पण हायवेला 90च्या पुढे वारा छातीवर आणि हेल्मेटवर आदळतो. डोकं मागे ढकललं जाऊ नये म्हणून मानेच्या पुढचे आणि बाजूचे स्नायू सतत ताणलेले राहतात. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलणं जड जातं. म्हणून खर्च करण्याआधी नेमकं कुठे दुखतंय ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. फक्त डावीकडे दुखत असेल तर आधी क्लच बघा. ट्रॅफिकमध्ये जड क्लच दाबताना डावा खांदा नकळत कानाकडे चढतो.

खालची नोंद या दोन बैठकांना समोर ठेवून आहे. सरळ बैठकीच्या क्लासिक 350 किंवा झुकलेल्या बैठकीच्या केटीएम आरसी 390 वाल्यांनी आपापली बैठक त्यात बसवून घ्यावी.

टप्पा 0: बाइक स्टँडवर

हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, मूठ सैल पडणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, किंवा पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी: यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत न बसता ऑर्थोपेडिककडे जा. ताबा जाणं, तोल जाणं किंवा हाताची ताकद झपाट्याने कमी होणं असेल तर त्याच दिवशी. पडल्यानंतर मान दुखत असेल तर ती मालिश करून, हलवून बघू नका.

यातलं काहीच नसेल तर साधी अवघडलेली मान बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटते. मान पूर्ण थांबवायची नाही, दुखण्याच्या मर्यादेत हलती ठेवायची. शेक 15 ते 20 मिनिटं, कापडातून. मऊ कॉलर लावून आठवडेच्या आठवडे काढले तर स्नायू आणखी ढिले पडतात, आणि कॉलर लावून बाइक चालवायची तर मागे वळून बघताच येत नाही. एका कुशीवर झोपत असाल तर उशी खांदा आणि कान यांच्यातल्या अंतराइतकी जाड हवी. उताणं झोपणाऱ्याला पातळ पुरते.

दोन गोष्टी बजावून सांगण्यासारख्या. एक, सलूनमध्ये दाढीनंतर मान 'कट्‌कन' मोडून घेणं बंद. झटक्याने मान फिरवल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदीत आहेत. दुसरं, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या. टिझॅनिडीन, क्लोरझोक्साझोन यांनी झोप येते, नसांसाठीच्या प्रेगाबॅलिनने गरगरतं. गोळी चालू असेपर्यंत चावी खुंटीवर.

टप्पा 1: पुढचे खोल स्नायू

बहुतेक रायडर फक्त मान ताणत बसतात. ताणल्याने तासभर बरं वाटतं, पण डोकं तोलून धरणारे खोल स्नायू तेवढेच कमजोर राहतात. डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो, त्यावर दीड किलोचं हेल्मेट; हे सगळं वाऱ्यात तोलायचं तर ताणण्यापेक्षा ताकद महत्त्वाची.

उताणं झोपा, गुडघे वाकवलेले. हलकेच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्या, डोकं न उचलता. 5 ते 10 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून दोनदा. चूक होते ती इथे: जोर लावला की मानेच्या दोन्ही बाजूंच्या जाड शिरा उठून दिसतात. बोटं तिथे ठेवा; स्नायू टणक लागला तर जोर जास्त झाला. फिजिओ हेच मानेखाली दाबमापक पिशवी ठेवून शिकवतात: सुरुवात 20 मिमी पाऱ्यावर, मग दोन-दोनने वाढवत 30 पर्यंत. काटा थरथरला की तोच टप्पा पक्का करायचा.

दुखणं न वाढता हे जमलं की बसून: कपाळावर तळहात टेकवा, डोक्याने ढकला, हाताने अडवा, डोकं जागचं हलू नये. ताकद पूर्ण ताकदीच्या पाव, त्यापेक्षा जास्त नाही. 6 ते 8 सेकंद, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येकी 5 वेळा. श्वास रोखू नका. शेवटी रबर बँड दाराच्या कडीला बांधून कोपरं मागे खेचायची, फऱ्या एकमेकांजवळ आणायच्या, 12 चे तीन सेट. जीटीवाल्यांनी यात कंजुषी करू नये. झुकलेल्या बैठकीत खांद्यांना मागून कोणीतरी धरायला हवं.

छातीच्या मागचा मणका ताठलेला असेल तर त्याची भरपाई मान करते. टॉवेलची गुंडाळी आडवी करून फऱ्यांच्या खालच्या कडेला ठेवायची, हात डोक्यामागे घेऊन त्यावरून हळू मागे झुकायचं, 8 ते 10 वेळा. गुंडाळी कमरेखाली सरकली तर कंबर दुखेल, मान सुटणार नाही.

टप्पा 2: हेल्मेट, वारा, स्क्रीन

दुखणं सुरू झालं की पहिला खर्च हेल्मेटवर होतो. बऱ्याचदा दोष स्क्रीनच्या, म्हणजे हँडलपुढच्या वारा अडवणाऱ्या काचेच्या, कडेचा असतो, म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. आधी फुकटची चाचणी करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला, सीटवरच बसून पाठ ताठ करत डोकं पाचेक सेंटिमीटर वर न्या, मग तेवढंच खाली. वर गेल्यावर आवाज स्थिर आणि दाब एकसारखा लागला, किंवा खाली गेल्यावर एकदम शांत झालं, तर तुमचं डोकं नेमकं स्क्रीनवरून सुटणाऱ्या भोवऱ्यात आहे. हे डोकं थरथरवणारं धक्के मारणं सरळ वाऱ्यापेक्षा वाईट, कारण स्नायूंना सेकंदासेकंदाला दिशा बदलावी लागते.

उंच स्क्रीन हा प्रत्येक वेळी उपाय नसतो. मध्यम उंचीचा स्क्रीन भोवरा छातीवरून उचलून थेट हेल्मेटवर आणतो. स्क्रीन काढून चालवून बघा. मान हलकी वाटली तर उत्तर मिळालं. ठेवायचाच असेल तर माउंटिंग बोल्टवर वॉशर घालून स्क्रीन आणि फेअरिंगमध्ये (बाइकच्या पुढच्या कवचात) 8 ते 10 मिमी फट सोडा. खालून हवा आत शिरली की मागचा पोकळ दाब कमी होतो आणि भोवरा सौम्य होतो. बोल्ट तेवढेच लांब घ्या, नाहीतर आटे दोन-तीनच धरतील आणि स्क्रीन खडखडेल.

वेगाचं गणित सगळे विसरतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: 80 वरून 100 ला गेलात की दाब दीडपटीहून थोडा जास्त. मान बरी होत असताना 80 वर थांबण्याइतकं स्वस्त औषध नाही.

आता हेल्मेट. भुवयांच्या थोडं वर टेपने घेर मोजा, साइझ चार्ट त्या कंपनीचाच बघा. पट्टा लावून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. सैल हेल्मेट 90 ला वर उचललं जातं, पट्टा गळ्याशी ओढतो आणि मान ते खाली खेचत राहते. आयएसआयची आयएस 4151 खूण असलेलंच घ्या. 1 जून 2021 पासून देशात दुचाकीची बिगर-आयएसआय हेल्मेट विकता येत नाहीत. कॅमेरा, इंटरकॉम, चार्जर पट्टी असं सगळं लावून हेल्मेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, आकडा बघून धक्का बसेल. डोक्यावर उभा केलेला कॅमेरा वजनापेक्षा वाऱ्याने जास्त छळतो. तो हनुवटीवर आणा. अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटची चोच हायवेला काढता येत असेल तर काढा.

चष्मेवाल्यांसाठी एक खास: झुकलेल्या बैठकीत नजर फ्रेमच्या वरच्या कडेतून जाते, म्हणून हनुवटी आणखी उचलली जाते. जीटीवर उंच काचांची फ्रेम घ्या आणि ती घसरू देऊ नका.

टप्पा 3: बैठक

इंटरसेप्टरच्या हँडलला राइझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसतात. 25 मिमीपासून सुरुवात करा. त्याहून उंचाचा मोह टाळा. बसवून झाल्यावर बाइक न्यूट्रलवर चालू ठेवून हँडल डावीकडच्या लॉकपासून उजवीकडच्या लॉकपर्यंत फिरवा. आरपीएम चढला तर थ्रॉटल केबल ताणली गेली आहे. क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा होजही दोन्ही टोकांना सैल लागला पाहिजे. यातलं काही अपुरं पडत असेल तर राइझर उतरवा, केबल ओढून जुळवू नका. क्लॅम्पचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराने) आवळा.

जीटीच्या क्लिप-ऑनला हे राइझर चालत नाहीत, उंच केलेले वेगळे क्लिप-ऑन लागतात. तिथे आधी मांड्यांनी टाकी धरायची सवय लावा. सीट पुढे उतरती असेल तर अंग घसरून सगळं वजन मनगटावर येतं, कोपरं ताठ होतात आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का खांद्यातून मानेत चढतो. टाकीला रबरी ग्रिप पॅड लावला की फरक पहिल्याच फेरीत कळतो.

लिव्हरचा कोन बसून बघा: कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत. आरसे इतके बाहेर काढा की त्यात तुमची कोपरं अर्ध्याहून जास्त दिसणार नाहीत. फोन टाकीवर नको, मीटरच्या उंचीला. नकाशासाठी कानातला आवाज पुरतो. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) वजनाप्रमाणे लावा. एकट्यासाठी तो डबल सीटच्या खुणेवर सोडला असेल तर पुण्यातले स्पीडब्रेकर थेट मानेला कळतात.

पाठीवरची सॅक हा स्वतंत्र गुन्हा आहे. पट्टे खांदे मागे ओढतात आणि डोकं पुढे येतं. लॅपटॉप आणि पाण्याची बाटली सॅडलबॅगमध्ये. सॅक घालायचीच तर पट्टे लांब करून तिचं बूड मागच्या सीटवर टेकवा.

टप्पा 4: परत रस्त्यावर

निकष साधा: खुर्चीवर बसून, खांदे न फिरवता, दोन्ही बाजूंना मान जवळजवळ सारखीच वळली पाहिजे आणि मागचं वाहन न दुखता बघता आलं पाहिजे. नाही जमत तर घाट नाही. ताम्हिणी किंवा वरंध्याच्या हेअरपिनला नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या टोकाकडे न्यावी लागते, तिथे अर्धवट वळणारी मान बाइकला रुंद नेते.

पायऱ्या अशा: शहरात 20 मिनिटं. मग 45. मग पुणे-लोणावळा जुन्या हायवेने, 80 च्या आत, दर 40 मिनिटांनी उतरून. (एक्सप्रेस वे आणि समृद्धी दुचाकीला बंदच आहेत, त्यामुळे सलग वेगाचा मोह आपोआप कमी.) मग सातारा रस्ता आणि खंबाटकी. प्रत्येक फेरीला तीन आकडे लिहा, 0 ते 10: निघताना, उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी. महत्त्वाचा आकडा शेवटचा. तो निघतानाच्या आकड्यापेक्षा 2 ने वर गेला तर एक पायरी खाली. एका वेळी एकच बदल करा. स्क्रीन, राइझर आणि हेल्मेट एकाच शनिवारी बदललं तर कशाने सुटलं हे कधीच कळणार नाही.

डबल सीट सगळ्यात शेवटी. ब्रेक लागला की मागच्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं आणि तो टोला बेसावध मानेला बसतो. मागे बसणाऱ्याने ब्रेकच्या वेळी एक हात टाकीवर टेकवून स्वतःचं वजन धरायचं, दुसरा ग्रॅब रेलला (सीटमागच्या धरायच्या दांडीला), आणि डोकं तुमच्या खांद्याच्या बाजूला ठेवायचं. बरोबर मागे नाही.