दरवाजाच्या रबरापासून बीएमपीच्या सीलपर्यंत : आमची वाटचाल

नगरला वाढलेल्या माणसाला चिलखती गाड्या नवीन नसतात. आर्मर्ड कोअरचं सेंटर इथं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर इथं, सैन्याच्या गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं, टँक म्युझियम तर आम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेलं, आणि केके रेंजवर, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या मैदानावर, फायरिंग सुरू झालं की आवाज पार लांबपर्यंत यायचा. पण आपण कधी त्या गाड्यांसाठी काही बनवू असं मनात आलं नव्हतं. मी धंदा सुरू केला तो ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रबर पार्टचा, नागापूर एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक सेकंडहँड हायड्रॉलिक प्रेस, दोन पोरं आणि मी. दरवाजाची रबरं, ग्रोमेट (वायरच्या भोकात बसणारी रबरी कडी), गॅस्केट (दोन भागांच्या जोडात बसणारी रबरी पट्टी), जे मिळेल ते.

आर्मीचं काम आलं ते एका मोठ्या व्हेंडरमार्फत, बीएमपी-2 च्या ओव्हरहॉलसाठी लागणारे सील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही रशियन डिझाइनची साखळीवर चालणारी गाडी, आपल्याकडं 1987 पासून तेलंगणातल्या मेदकच्या फॅक्टरीत 'सरथ' नावानं बनते, तीन जणांचा क्रू आणि मागं सात जवान, वजन 14 टनांच्या वर आणि तरी पाण्यात तरंगते. पुढची फळी उभी करायची, आतला पंप चालू ठेवायचा आणि साखळ्यांच्याच जोरावर ताशी सातेक किलोमीटरनं नदी पार. म्हणजे एवढं लोखंड तरंगतं ते आत हवा राहते आणि पाणी शिरत नाही म्हणून, आणि पाणी थोपवायचं काम करतं रबर. हे डोक्यात बसलं त्या दिवसापासून मी या कामाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

पहिला लॉट मात्र रिजेक्ट झाला, सगळाच्या सगळा. चूक आमचीच होती, डिलिव्हरीची घाई म्हणून प्रेसवर क्युरिंगची, म्हणजे रबर तापवून पक्कं करायची, मिनिटं कमी केली होती, वरून माल एकदम चकाचक दिसत होता पण टेस्टमध्ये सील दाबून ठेवल्यावर तसंच दबून बसलं, परत फुगलंच नाही. असं सील हॅचखाली, म्हणजे गाडीच्या झाकणाखाली, आठवडाभर राहिलं की त्याचा उपयोग संपला. त्या रात्री मी घरी जेवलो नाही, पैसे गेले त्यापेक्षा त्या गाडीत बसणारे जवान डोळ्यासमोर येत होती.

मग ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, रिटायर झालेले एक सुभेदार मेजर साहेब ओळखीतून भेटले, ते शेडवर आले, सगळं बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, ड्रॉइंग बघून सील बनवतोस ते ठीक, पण गाडी बघितलीस का?" खरंच बघितली नव्हती. तीस-पस्तीस वर्षं चाललेल्या गाडीचं हॅच ड्रॉइंगसारखं राहतच नाही, बिजागऱ्या झिजतात, कडेला कुठं वेल्डिंग झालेलं असतं, कुठं रंगाचे थरावर थर. त्यांनी खडूची टेस्ट शिकवली, हॅचच्या लोखंडी कडेला खडू घासायचा, हॅच दाबून बंद करायचं, उघडायचं आणि सीलवर रेघ सलग उमटली का बघायचं, जिथं रेघ तुटली तिथून पाणी येणार. आम्ही तेव्हा रबराचा हार्डनेस ड्रॉइंगमधल्या वरच्या टोकाला धरत होतो कारण तसा माल मोल्डमधून पटकन सुटतो आणि ट्रिमिंगला सोपा जातो, पण झिजलेल्या कडेवर असं कडक रबर बसत नाही. मग खालच्या टोकाला आलो, ड्रॉइंगमध्ये चालणाऱ्या मर्यादेच्या आतच, ट्रिमिंगला वेळ वाढला पण रेघ सलग यायला लागली.

दुसरी अडचण थंडीची. 2020 नंतर पूर्व लडाखमध्ये या गाड्या उभ्या राहिल्या, तिथं हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो आणि साधं नायट्राइल रबर उणे पंचवीस-तीसच्या आसपासच कडक व्हायला लागतं. डिझेल आणि तेल सोसणारं रबर हवं तर नायट्राइलच बरं, सिलिकॉन थंडीत छान राहतं पण डिझेल लागलं की फुगतं, आणि या गाडीत तर मागच्या दरवाजांच्या आतसुद्धा डिझेलची टाकी आहे. त्यामुळं थंडीचं वेगळं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, बसवायला आम्हाला जवळजवळ दीड वर्ष गेलं. मधल्या काळात एका पार्टीनं पेमेंट इतकं लांबवलं की पगारासाठी बायकोचे दागिने ठेवावे लागले. कायद्यात छोट्या उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यायचे आहेत, पण ते मागायला गेलं की पुढची ऑर्डर जाईल ही भीती, हे आमच्यासारख्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता सगळीकडं चर्चा आहे ती मॉडर्नायझेशनची. 2020 मध्ये 285 एचपी इंजिनच्या 156 नव्या गाड्यांची ऑर्डर निघाली, नंतर 2024 मध्ये 693 जुन्या गाड्या बीएमपी-2एम करायचा करार झाला, गनरला नवी साइट (नेम धरायची दुर्बीण), कमांडरला चारी बाजूंनी बघता येणारी साइट, टार्गेट आपोआप ट्रॅक करणारी फायर कंट्रोल, म्हणजे नेम सांभाळणारी सिस्टीम. हे फार गरजेचं होतं, कारण जुन्या सिस्टीममध्ये रात्री बघायला स्वतःचा इन्फ्रारेड सर्चलाइट लावावा लागायचा आणि समोरच्याकडं तसं यंत्र असलं की त्याला आपली जागा कळायची, नव्या थर्मल साइटला, जी उष्णतेवरून बघते, लाइटच लागत नाही. आम्हाला त्या कराराचं थेट काम नाही. पण मी जिथं बोलावतील तिथं एकच गोष्ट सांगतो, जुन्या गाडीवर नवीन वस्तू बसवायची म्हणजे नवा बेस, नवे बोल्ट, केबलसाठी नवी वाट, आणि त्या प्रत्येक जागी गॅस्केट किंवा ग्रोमेट लागणारच. ते सगळ्यात शेवटी, उरलेल्या बजेटमध्ये ठरवू नका, साइटचं डिझाइन होतं तेव्हाच रबरवाल्यालाही टेबलावर बसवा.

आज आमच्याकडं चौदा माणसं आहेत, त्यातली पाच बायका, ट्रिमिंग त्यांच्याइतकं बारीक कोणी करत नाही. शेड स्वतःची झाली. मागच्या महिन्यात कर्ज काढून कोल्ड चेंबर घेतला, आधी प्रत्येक टेस्टला सॅम्पल पुण्याला पाठवावं लागायचं. नव्या कंपाउंडचे सहा तुकडे आत्ता त्यात उणे चाळीसवर ठेवलेत, दाबून, उद्या सकाळी सातला काढायचे आणि किती परत फुगतात ते बघायचं.