पोरगं नववीत गळतं तेव्हा

पुण्यात कुठं पोरांच्या भांडणात कोयता निघाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर तेच सुरू होतं, संस्कार नाहीत, मोबाईलनी वाट लावली, आईबापाचं लक्ष नाही, चौकातून धिंड काढली पाहिजे. मी संध्याकाळी वस्तीतल्या एका अभ्यासिकेत नववी-दहावीच्या पोरांना गणित शिकवतो (नोकरी वेगळी आहे, हे आपलं हौसेचं), त्यामुळे असले मेसेज वाचले की डोकं फिरतं. कारण माझ्या पाहण्यातली जी पोरं भाई लोकांच्या नादी लागली त्यांचं बिनसलं ते नववीच्या निकालाला.

बघा ना, शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंत. २०२३ पर्यंत तर आठवीपर्यंत पोराला धड वाचता येवो न येवो, वर ढकललं जायचं. नववीत बीजगणित-भूमिती एकदम अंगावर येते, आणि इकडं काही शाळांना दहावीच्या शंभर टक्के निकालाचा बोर्ड गेटवर लावायचा असतो. मग कच्ची पोरं नववीतच गाळायची. काढून टाकतात असं नाही हां, आईला बोलवून गोड बोलतात, "दाखला घेऊन जा, बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरा, पोराचं वर्ष वाचेल." दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण काय लिहिलेलं असतं माहितीय? 'पालकांच्या विनंतीवरून'. एका पोराचा असा दाखला मी हातात घेऊन वाचलाय. आई सकाळी पाच घरची धुणीभांडी करते, तिला त्यावर काय लिहिलंय तेच माहीत नव्हतं. "सर, मी कुठं विनंती केली, मी तर रडत होते," म्हणाली.

या पोराला आपण पिंट्या म्हणू. खरं नाव सांगणार नाही आणि कायद्यानं सांगताही येत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, ज्याच्यावर केस आहे अशा अल्पवयीन पोराची ओळख उघड करायची नसते. (धिंडीचे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनी पण हे वाचून ठेवा.)

तर पिंट्या पंधरा वर्षांचा, शाळा नाही, कामाला कुणी ठेवत नाही, दिवसभर करायचं काय? चौकातल्या भाईनं बुलेटवर मागं बसवलं, वडापाव दिला, रिचार्ज मारून दिला. आणि मग भाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला त्यात खालच्या 'शुभेच्छुक' रांगेत पिंट्याचा फोटो. गॉगल लावून. तोपर्यंत त्याचा फोटो कुठं छापून आलाच नव्हता, शाळेच्या नोटीस बोर्डवर नाही की स्नेहसंमेलनात नाही. तो मला मोबाईलवर दाखवत होता तेव्हाचा चेहरा बघितला आणि मी पुढं काय लेक्चर देणार होतो ते गिळून टाकलं.

भाई लोक मूर्ख नसतात. गाडीत कोयता ठेवायला त्यांना १८ च्या खालचंच पोरगं लागतं, "तुला काय होत नाय, तू लहान आहेस." पोरांना सतराचा पाढा येत नाही पण ३०७ म्हणजे हाफ मर्डर हे पाठ, आणि ते कलम आता नव्या न्याय संहितेत १०९ झालंय हे माहीत नाही. २०१५ च्या कायद्यात १६ ते १८ वयाच्या पोरावर खुनासारखा गंभीर गुन्हा असेल तर बाल न्याय मंडळ तपासणी करून मोठ्या माणसासारखा खटला चालवायला पाठवू शकतं, हेही माहीत नसतं. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मात्र गणितापेक्षा शांतता असते. २०२४ ला कल्याणीनगरच्या पोर्श अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला तेव्हा एकजण म्हणाला, "सर, आम्हाला पण निबंध देतेत का?" काय उत्तर देणार, सांगा.

पिंट्या भांडणात कोयत्यासकट सापडला. येरवड्याला निरीक्षणगृह, मग आईच्या हमीवर घरी. आई म्हणाली आता केस लागली, शिकून काय उपयोग, नोकरी कोण देणार. अर्धा दिवस मी तिला एवढंच समजावत होतो की बाल न्याय मंडळात अल्पवयीन म्हणून निकाल लागला तर त्या केसचा डाग पुढं नोकरीला आडवा येऊ नये असं कलम २४ सांगतं. हे पोलीस चौकीत कुणी तिला सांगितलं नव्हतं.

शिकवणं म्हणजे नीतिकथा सांगणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. अमेरिकेत पोरांना जेलमध्ये फिरवून, कैद्यांकडून घाबरवून सुधरवायचा प्रयोग ७० च्या दशकात गाजला, नंतर अभ्यासात दिसलं की अशी पोरं उलट जास्त गुन्हे करतात. त्याउलट शिकागोच्या शाळांमधला 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम, आठवड्याला एक तास, पोरांना रागाच्या क्षणी थांबायला शिकवायचं. शिकागो विद्यापीठानं मोजलं तर तो चालू असताना मारामारीसारख्या गुन्ह्यातल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा फरक टिकला नाही, पण शाळा पूर्ण करणारी पोरं वाढली. त्यात एक खेळ आहे, एकाच्या मुठीत बॉल द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं ३० सेकंदात काढून घे. मी खोडरबर घेऊन केला. बेंच पडला, एकाचं नख लागलं, आरडाओरडा. मागच्या बाकावरची एक मुलगी फक्त म्हणाली, "ए, दे ना रे," आणि समोरच्यानं दिलं. पोरं म्हणाली हे चीटिंग आहे! त्यावर तास संपेपर्यंत वाद चालला, माझा सगळ्यात बरा झालेला तास असेल तो.

बाकी मग कागदपत्रं. खरं काम हेच. दाखला, आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करणं, फॉर्मचे पैसे कोण भरणार, दिवसा काम मिळालं तर रात्रशाळा कुठली, पूना नाईट हायस्कूलसारखी जवळ आहे का. दहावी नापास झालेल्यालाही आयटीआयला वेल्डर, प्लंबर, वायरमनसारखं काही करता येतं हे निम्म्या आयांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं दहावी पास नाही म्हंजे दारं बंद.

पिंट्यानं १७ नंबरचा फॉर्म भरलाय, दिवसा एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जातो, संध्याकाळी येतो, कधी येत नाही. भाईचा फोन येतोच अजून, फ्लेक्स पण लागतात. भूमिती जमतीय त्याला, बीजगणिताच्या नावानं बोंब. आम्हाला शनिवारी विज्ञान शिकवायला कुणीतरी हवंय, येत असाल तर कळवा, फक्त आल्या आल्या भाषण नको, पोरं उठून जातात.