बॅटरीजवळचा मोकळा कपलर: माझा अनुभव

सेकंडहँड हॅचबॅकचं बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या आसपास तीन कपलर (वायर जोडायचे प्लास्टिकचे सॉकेट) कशालाच न जोडलेले दिसले. दोन अर्ध्या तासात ओळखता आले. तिसऱ्यापायी दोन आठवडे गेले, तेही मुख्यतः सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर.

सोपे दोन आधी. खालच्या आणि वरच्या मॉडेलला कंपनी बरेचदा एकच हार्नेस (वायरींचा जुडगा) टाकते. फॉग लॅम्प नसलेल्या गाडीत त्याचा कपलर तसाच राहतो. त्याची वायर मूळ हार्नेसच्या काळ्या पन्हळी नळीतूनच निघते, कपलर मागे वळवून हार्नेसलाच बांधलेला असतो आणि आतली टर्मिनल (धातूच्या पिना) चकचकीत, एकही ओरखडा नसलेली असतात. हे दोन्ही तसेच होते. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जागा छापलेली, पण तिथे फ्यूजच नव्हता.

तिसरा पांढरा, दोन पिनचा, एक लाल आणि एक काळी वायर. चावी काढलेली असतानाही त्यात १२.५ व्होल्ट.

काउंटरवर उत्तर मिळालं, "सर, टॉप मॉडेलचा असेल, राहू द्या." वायरिंग डायग्राम मागितला तर तो कस्टमरला दाखवत नाहीत. गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी जॉब कार्डवर "चेक केलं, ओके" आणि कपलरवर नवी काळी टेप. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या घरात असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. चौथ्या दिवशी टेपचा चीक पाघळला होता आणि सप्लाय असलेलं तोंड पुन्हा उघडं. परत गेलो, पुन्हा तेच उत्तर. ज्या वायरमध्ये चोवीस तास करंट आहे ती कुठून येते, हे न बघता "ओके" लिहिणं मला आजही पटत नाही.

मग स्वतःच शोधलं. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल प्रोब कपलरच्या तोंडात कोंबायची नाही; टर्मिनल फाकतं आणि पुढे लूज कॉन्टॅक्ट देतं. मागून, वायर जिथे आत शिरते तिथून टाचणी सारायची आणि ती पत्र्याला लागू द्यायची नाही. फ्यूज बॉक्सचा फोटो काढून ठेवला आणि एकेक फ्यूज काढत मीटर बघत गेलो. ज्या फ्यूजला आकडा शून्यावर येईल, त्याच फ्यूजची ती वायर. इंजिनकडचे सगळे झाले, डॅशबोर्डखालचे झाले, आकडा हलला नाही. म्हणजे वायर थेट बॅटरीवरून.

निगेटिव्ह आधी सोडवलं, मग पॉझिटिव्ह. १० चा पाना लागतो. हातातली अंगठी काढून ठेवा. बॅटरी उचलल्यावर दिसलं: लाल वायर पॉझिटिव्हच्या नटाखाली थिंबल (वायरच्या टोकाची धातूची रिंग) लावून सरळ जोडलेली, मध्ये फ्यूज होल्डर नाही. ट्रेच्या कडेला घासून नखाएवढ्या जागेतलं रबर गेलेलं आणि आत तांबं उघडं. ते पत्र्याला टेकलं असतं तर फ्यूज नसल्याने करंट तोडणारं काहीच नव्हतं; वायर तापून लाल झाली असती आणि शेजारचा हार्नेस पेटला असता. काळी वायर बॉडीच्या बोल्टला होती. गाडीच्या पुढच्या जाळीमागे जादा हॉर्नची पट्टी अजून स्क्रूने बसवलेली. आधीच्या मालकाने हॉर्न आणि त्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) काढले, वायर तशीच सोडली.

खरं तर पॉझिटिव्हचा नट सगळ्यात आधी बघायला हवा. तिथे जादा थिंबल असेल तर शोध तिथूनच सुरू करा, फ्यूज काढत बसू नका. आणि स्टार्ट-स्टॉपवाल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो. त्याचा छोटा कपलर निसटला असेल तर तो फालतू समजून बांधून ठेवू नका, परत लावा.

वायर मधे कापून टेप मारली नाही, दोन्ही टोकांपासून काढून टाकली. बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. नंतर घड्याळ आणि खिडकीच्या काचेचं ऑटो (एकदा बटण दाबून काच पूर्ण वर-खाली होणं) तेवढं सेट करावं लागलं.