कथक रियाजाची नोंद: ‘खाली’ ऐकू येणं आणि पहिली स्वतःची तिहाई

तत्काराची, म्हणजे पायांनी बोल वाजवण्याच्या मूळ रियाजाची, दुगुन (दुप्पट लय) आता बसली. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ ठाय (मूळ, संथ) लयीत सुरू करून मध्येच दुगुन आणि पुन्हा ठाय, हे लेहऱ्याबरोबर (ताल दाखवत फिरत राहणाऱ्या सुरावटीबरोबर) न अडखळता जमतंय. चौगुनीत (चौपट लयीत) मात्र, ‘आ’ला जिथे सुरुवात डाव्या पायाने होते, तिथेच आवाज पातळ पडतो. म्हणून सध्या तत्काराचा रियाज घुंगरू न बांधता करते. घुंगरांच्या नादात बरंच काही खपून जातं; नुसता तळवा वाजला की कुठला पाय अर्धवट पडतोय ते लगेच कळतं. तळवा पूर्ण सपाट पडायला हवा, गुडघे सरळ पण ताठरलेले नकोत, आणि पाय फार वर उचलायचा नाही. चौगुनीत उंच उचललेला पाय वेळेवर खाली येतच नाही.

या टप्प्यावरची माझी खरी कमाई म्हणजे तीनतालाची खाली, म्हणजे टाळी न देता हात रिकामा दाखवायची मात्रा. सोळा मात्रा, टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर, हे तर सगळेच पाठ करतात. पण ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे तालाचे बोल, नीट ऐका:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

नवव्या मात्रेवर खाली असली तरी तबल्यावर तिथे ‘धा’च आहे. डग्ग्याची (डाव्या हाताच्या तबल्याची) घुमक जाते ती दहाव्या मात्रेला आणि परत येते ती चौदाव्याला. म्हणजे तेरावीवर टाळी आहे, पण बोल ‘ता’, डग्गा गप्पच. जो डग्ग्याच्या भरवशावर खाली शोधतो तो एक मात्रा मागे राहतो. आमच्या ताई हातावर ताल धरून पढंत करायला, म्हणजे बोल तोंडाने म्हणायला, का लावतात, ते मला यातून उमगलं. जे तोंडाने आणि हाताने पक्कं झालं, ते पायात उतरायला वेळ लागत नाही. नवीन शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: पढंत टाळू नका.

खाली पकडता आली की तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपवायचा तुकडा, सोपी होते. ‘तिगदा दिगदिग थेई’ या तीन मात्रा. नवव्या मात्रेपासून मध्ये दम न घेता तीनदा म्हटल्या की नऊ मात्रा होतात आणि शेवटचा ‘थेई’ बरोबर समेवर. हे पहिल्यांदा जुळून येतं तेव्हा अंगावर काटा येतो.

त्यानंतर समेपासून उठणारी एक तिहाई स्वतः बांधली. ‘ता थेई तत् तत् थेई’, पाच मात्रा, मग एक मात्रा दम. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा, म्हणजे पुढची सम. तिसरा पल्ला (तिसरी आवृत्ती) तेराव्या मात्रेवर, अगदी टाळीवर उठतो, त्यामुळे चुकायची भीती कमी.

रचनेची मजा मला त्या एका मात्रेच्या दमात सापडली. पहिल्या दमाला उजवीकडे बघायचं, दुसऱ्याला डावीकडे, आणि सम समोर. हात पहिल्या दोन वेळा छातीपाशीच, तिसऱ्या पल्ल्यात उघडायचे. एवढ्यानेच तीच पाच अक्षरं तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. हात सतत फिरवत राहिलं की बघणाऱ्याला सम दिसत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

चक्करींबद्दल (गिरक्यांबद्दल) आत्ताच लिहिण्यासारखं फार नाही. नजर एका बिंदूवर ठेवून सावकाश घेतेय, एवढंच.

आता हीच तिहाई तबलजींबरोबर बसवायची आहे. ॲपवरचा लेहरा आपली लय तसूभरही सोडत नाही. माणूस वाजवतो तेव्हा लय दोघांनी मिळून धरायची असते. आधी पढंत करून दाखवायची, मग पाय.